भैरवीनंतरचा नंबर

डिसेंबर लागला की आमच्या इमारतीत पेट्या वाजायला लागतात. तशा त्या वर्षभर वाजतात, पण एरवी मुलं गाणी म्हणतात आणि डिसेंबरमध्ये राग म्हणतात, एवढाच फरक. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी भूप घोटत असतं. खालच्या मजल्यावरची मुलगी तीनतालाची दुगुण हातावर मोजते आणि चुकली की आईवर ओरडते. जिन्यावरून भाजी घेऊन चढताना माझे पाय नकळत तिच्या मात्रांवर पडतात आणि ती चुकली की माझीही एक पायरी चुकते. संगीताच्या परीक्षांचा हा हंगाम आला की मीरा रोडची ही बाजू थोडी गाती होते, थोडी चिडचिडी होते. मीही होते. घरचे म्हणतात, हिला थंडी बाधते. बाधतं ते वेगळंच, पण कुणाकुणाला सांगत बसू?

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं होती ती. आम्ही गिरगावातल्या चाळीतल्या दोन खोल्या सोडून इथे आलो तेव्हा निम्म्या इमारतींना रंग लागायचा होता आणि निम्म्यांना माणसं. पाण्याचा टँकर आला की सगळी सोसायटी बादल्या घेऊन एकत्र यायची, त्यामुळे ओळखी लवकर झाल्या. गच्चीवरून भाईंदरच्या बाजूला मिठागरं दिसायची. डिसेंबरात तिथे पाणी चमकायला लागायचं, मग हळूहळू पांढरे ढीग. सकाळी खाडीवरून वारा आला की ओठ खारट व्हायचे. मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते, लग्नापूर्वी गाण्याच्या दोन परीक्षा दिलेली आणि लग्नानंतर स्वयंपाकघरातच गाणारी.

पेणकरपाड्याच्या वळणावर दोन गाळे जोडून केलेलं एक कला केंद्र मला टँकरच्या रांगेतच कळलं. एका बाजूला झेरॉक्सचं दुकान, दुसऱ्या बाजूला फरसाणवाला. आत पडदा टाकून अलीकडे गाणं, पलीकडे तबला, आणि रविवारी पडदा काढून चित्रकला. संध्याकाळी फरसाणवाल्याची कढई चढली की आमचा वर्ग सुरू व्हायचा. भूप आणि गाठिया यांची माझ्या डोक्यात तेव्हापासून जी गाठ पडली आहे ती आजतागायत सुटलेली नाही. कुठे मोठ्या सभागृहात कुणी भूप सुरू केला की मला आधी भूक लागते.

केंद्रात गाण्या-बजावण्याचे तीन शिक्षक होते आणि तिघांचं गाणं तीन निरनिराळ्या रस्त्यांनी त्या गाळ्यात पोचलं होतं.

जोगळेकर बाई केंद्राच्या प्रमुख. दादरला वाढलेल्या, बँकेत नोकरी, लहानपणापासून रीतसर गुरूंकडे जाऊन शिकलेल्या. त्यांचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत भिंतीवर असायचं आणि त्याखाली त्या बसायच्या. बाई कडक होत्या. मुलगा एक मिनिट उशिरा आला तर त्याला नुसत्या बघायच्या, आणि ते बघणं पुरायचं. बँकेतून सुटून, दमून, पर्समधला डबासुद्धा बाहेर न काढता त्या थेट वर्गावर यायच्या. केंद्र उभं राहिलं ते त्यांच्या हट्टावर, हे मात्र त्यांच्यावर चिडणारेही कबूल करायचे.

पडद्यापलीकडे सलीमभाई. नया नगरमध्ये राहायचे. आजोबा लग्नात ढोलकी वाजवणारे, वडील बँडवाल्यांत, आणि स्वतः सलीमभाई वीस वर्षं रेकॉर्डिंग स्टुडिओत तालवाद्यांच्या मागच्या रांगेत. मग ढोलकीचं काम यंत्र करायला लागलं आणि मागची रांगच गेली. त्याबद्दल ते कुरकुर करत नसत. मशीन थकत नाही आणि चहा मागत नाही, मग स्टुडिओवाल्यांचं काय चुकलं, असं हसून म्हणायचे. थंडीत तबल्याचा सूर चढायचा, मग ते हातोडी घेऊन ठोकत बसायचे आणि मुलांना सांगायचे की आधी ऐका, वाजवायला आयुष्य पडलंय.

आणि बुवा. त्यांचं नाव अनंत, आडनाव मला फॉर्म भरेपर्यंत माहीत नव्हतं. रत्नागिरीकडच्या गावातून लहानपणी मुंबईत आलेले, परळच्या गिरणीत लागलेले. पाळी सुटली की चाळीतल्या भजनी मंडळात झील धरायची, म्हणजे बुवांची ओळ मागून उचलायची, मग टाळ, मग पेटी, असं करत करत डबलबारीला बसणारे बुवा झाले. दोन मंडळं समोरासमोर बसून गाण्यातून एकमेकांना सवाल टाकतात, त्या डबलबारीला. गिरणी बंद पडली तेव्हा बिऱ्हाड पेणकरपाड्यात आलं आणि बुवा काशीमीऱ्याच्या एका गोदामात माल उतरवून घेण्याच्या कामाला लागले. चारला सुटून ते केंद्रात यायचे, नळावर हातपाय धुवायचे, खिशातली टोपी काढून झटकून घालायचे आणि मगच पेटीला हात लावायचे. लहान मुलांचा पहिला वर्ग त्यांचा.

बुवा नोटेशन शिकवत नसत, कारण त्यांना ते येत नव्हतं. या काळीवरून त्या पांढरीवर ये, थांब, घाई नको, असं त्यांचं शिकवणं. कुणी चुकलं तर चूक म्हणायचे नाहीत, 'परत घेऊया' म्हणायचे. बाईंना हे पटत नसे आणि त्या तसं तोंडावर सांगत. पण बुवांच्या वर्गातून पुढे आलेलं मूल बेसूर नसतं, हेही त्याच सांगत.

वर्गाचा शेवट बुवा रोज भैरवीने करायचे. दोन ओळींची का होईना, भैरवी व्हायची. मग भात्याची खिटी लावायची, पेटीवर हात ठेवून कपाळाला लावायचा, वर टोपण. त्यानंतर एखादं मूल धावत आलं आणि एकच गाणं घ्या म्हणून मागे लागलं तरी बुवा हलायचे नाहीत. भैरवी झाली म्हणजे झाली. तिच्यानंतर कुणी गायलं तर भैरवी म्हणणाऱ्याचा मान गेला, असं त्यांच्या मंडळातल्या जुन्या माणसांनी त्यांना सांगितलं होतं. मी मोठ्यांच्या वर्गातली, पण घरी जायचा कंटाळा म्हणून बरेचदा त्यांच्या वर्गात मागे बसायचे. त्यांनीच मला भैरवीतलं एक भजन शिकवलं, दोन महिने घासून.

त्या वर्षी केंद्राला परीक्षेचं केंद्र म्हणून मान्यता मिळवायचं बाईंनी मनावर घेतलं. आमच्या मुलांना तोंडी परीक्षेसाठी लांब जावं लागे, रेल्वे बदलून, पेट्या-तबले सांभाळत. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने अट घातली की शिकवणाऱ्या प्रत्येकाकडे निदान अमुक एक परीक्षेचं प्रमाणपत्र हवं. सलीमभाईंनी कधीकाळी कुणाच्या तरी आग्रहाने ती दिलेली होती. बुवांकडे चौथी पास झाल्याचा दाखला होता, तोही गावी.

म्हणजे बुवांनी परीक्षेला बसायचं, नाहीतर पहिला वर्ग सोडायचा. वय मोठं असलं की थेट बसता येत होतं. मीही त्याच परीक्षेला बसणार होते, म्हणून बाईंनी बुवांचा फॉर्म भरायचं आणि त्यांना लेखीची तयारी करून द्यायचं काम माझ्यावर टाकलं. बुवा तेव्हा छप्पन-सत्तावन्न वर्षांचे असतील. मला वाटलं, रागावतील. ते फक्त म्हणाले की पोरांच्या आधी नापास नको व्हायला.

फॉर्मवर एक रकाना होता, गुरूंचे नाव. बुवांनी विचार केला आणि म्हणाले, "मंडळ लिवा."

मी म्हटलं, एका माणसाचं नाव लागतं. त्यावर त्यांनी मला अकरा नावं सांगितली. टाळ शिकवणारा, अभंग पाठ करून घेणारा, पेटीच्या पट्ट्या काढून आत काय असतं ते दाखवणारा, गिरणीत शेजारच्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहून यंत्राच्या आवाजावर सूर धरायला लावणारा. यातलं कुठलं गाळू ते सांगा, असं त्यांनी मलाच विचारलं. मी शेवटी 'मंडळ' लिहिलं. बाईंनी तो फॉर्म वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

मग महिनाभर आमचा अभ्यास. दुपारी साडेचारला, वर्ग भरण्याआधी, फरसाणवाल्याने दिलेल्या कागदी पुड्यावर बुवा व्याख्या लिहून बघायचे. वादी म्हणजे रागातला मुख्य स्वर आणि संवादी म्हणजे त्याला साथ देणारा, हे त्यांना सांगायला मी उदाहरणं शोधत होते. तोवर त्यांनी स्वतःच लावून टाकलं की वादी म्हणजे बुवा आणि संवादी म्हणजे झील धरणारा. नादाची व्याख्या मात्र त्यांना शेवटपर्यंत पटली नाही. पुस्तकात लिहिलं होतं, संगीताला उपयोगी पडतो तो नाद. बुवांचं म्हणणं, साच्याचा खडखडाट आम्हाला उपयोगी पडला, मग त्याला काय म्हणायचं? मी म्हटलं, बुवा, पेपरात हे लिहू नका. मला आता वाटतं, लिहायला हवं होतं.

लेखी परीक्षा एका शाळेत झाली. बाकावर माझ्या पुढे बुवा आणि त्यांच्या बाजूला सातवीतला त्यांचाच विद्यार्थी. तो मान वाकडी करून बुवांच्या पेपरात बघत होता आणि बुवा डाव्या हाताने पेपर झाकून, नाक जवळजवळ कागदाला लावून लिहीत होते. मला इतकं हसू आलं की माझा एक प्रश्न राहिला.

तोंडी परीक्षा आमच्याच गाळ्यात झाली. जागा कशी आहे ते संस्थेला पाहायचं होतं. बाहेरून एक वयस्कर परीक्षक आले, गळ्यात मफलर, सोबत स्वतःचा थर्मास. बाईंनी फरसाणवाल्याला विनवून कढई त्या दिवशी उशिरा चढवायला लावली होती. तीसेक मुलं, मग मी, आणि सगळ्यात शेवटी बुवा, कारण सकाळपासून सगळ्यांना पेटीची साथ त्यांनीच करायची होती. पांढरा धुतलेला लेंगा-शर्ट, टोपी. आठ वाजता बसले ते बसले. घाबरलेल्या मुलाला आधी हळूच त्याचा 'सा' द्यायचे, तो सापडेपर्यंत देत राहायचे, आणि त्याला तो सापडला की त्याच्याकडे न बघता पुढे वाजवायचे. परीक्षकांच्या हे लक्षात येत होतं. दुपारी ते बाईंना म्हणाले की साथ फार समजूतदार आहे. बाईंनी सांगितलं, शेवटचे परीक्षार्थी तेच आहेत. परीक्षकांनी चष्मा काढून पुन्हा एकदा बुवांकडे पाहिलं.

साडेपाचला माझा नंबर आला. राग झाला, ताल झाला, प्रश्न झाले. मग परीक्षकांनी वही बाजूला सारली आणि म्हणाले, आता तुमच्या आवडीचं काही म्हणा.

माझ्या मनात दुसरंच भजन होतं. पण राग बरा झाला होता, अंगात जरा वारं शिरलं होतं, आणि बुवांनी शिकवलेलं बुवांच्याच साथीत म्हणावं असं त्या क्षणी वाटलं. मी भैरवीचं भजन उचललं. पहिल्या ओळीला बुवांनी एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, शाबासकी दिली. त्या बघण्याचा दुसरा अर्थ असू शकतो हे माझ्या डोक्यातही आलं नाही, आणि बुवांनी मला थांबवलं नाही. उलट त्या दिवशी त्यांनी जी साथ केली तशी मला पुन्हा कधी मिळाली नाही. मी श्वास घ्यायला थांबले की पेटी माझं वाक्य पुरं करायची. पलीकडून सलीमभाईंचा ठेका इतका हलका येत होता की तो ऐकण्यासाठी मीच आवाज लहान केला.

गाणं संपलं. परीक्षकांनी वही पुन्हा पुढे ओढली. मग त्यांनी लिहिलं आणि म्हणाले, पुढचा नंबर.

बुवांनी भात्याची खिटी लावली. पेटीवर हात ठेवला, कपाळाला लावला, आणि टोपण घातलं.

मला तेव्हा कळलं. बाई पुढे झाल्या, बुवा, तुमचाच नंबर, म्हणून. बुवा खाली बघत बसून राहिले.

"भैरवी झाली," ते म्हणाले.

बाई हलक्या आवाजात सांगायला लागल्या की ही मैफल नाही, परीक्षा आहे, इथे तसलं काही धरायचं नसतं. त्यांचा आवाज कापत होता. एवढ्या कडक बाईचा आवाज कापताना मी पहिल्यांदा ऐकला. परीक्षक चांगले होते. त्यांनाही ही रीत ठाऊक होती. ते म्हणाले, तुमचं म्हणणं मला कळतं, पण मला रकाना भरायचा आहे, दहा मिनिटं थांबतो. सलीमभाई पडदा सारून आले आणि बुवांच्या शेजारी उकिडवे बसले.

"बुवा, उठ के बाहर चलो, चाय पियेंगे. वापस आके बैठे तो नई बैठक हुई ना? उसमें क्या है."

बुवांनी खरंच विचार केला. त्यांना ते पटण्यासारखं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी मनात म्हणत होते, उठा, बुवा, उठा. मग त्यांनी मान हलवली आणि परीक्षकांना म्हणाले, "वैनींनी भैरवी चांगली म्हटली, साहेब. तिच्यावर मी आता काय गायचं? राहू दे ती."

परीक्षकांनी थर्मासचं झाकण लावलं. बाहेर फरसाणवाल्याने कढई चढवली.

मी त्या दिवशी घरी आले ती रागावून. स्वतःवर नाही, बुवांवर. इतका हट्ट कशाला? माझ्या भैरवीचा मान राखायला मी कुठे सांगितलं होतं? आणि राखायचाच होता तर त्यांना मला सुरुवातीलाच डोळ्यांनी दटावता आलं असतं. दोन दिवस मी भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी राग उतरला आणि त्याच्या जागी जे आलं ते अजून गेलेलं नाही. मला सगळं माहीत होतं. रोज मागे बसून मी ती खिटी लागताना पाहिली होती. पुढचा नंबर कुणाचा तेही ठाऊक होतं. आणि मी माझ्या गाण्याच्या नादात ते विसरले. गाणं शिकणारी माणसं अशी चूक करतात, आणि त्या चुकीला मला पंधरापैकी चौदा मार्क मिळाले.

निकाल फेब्रुवारीत आला. मी पहिल्या श्रेणीत पास. बुवा लेखीत माझ्यापेक्षा दोन मार्कांनी पुढे होते, आणि तोंडीच्या रकान्यात शिक्का होता, 'अनुपस्थित'. जो माणूस सकाळी आठपासून तीस मुलांना सूर देत त्या खोलीत बसला होता, तो अनुपस्थित. बाईंनी संस्थेला दोन पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं की पुढच्या सत्रात बसावं. बुवांनी फॉर्म भरला नाही. आपण लेखी पास झालो एवढं त्यांना पुरे होतं. ते मार्क त्यांनी गोदामातल्या सगळ्यांना सांगितले होते.

आता ती मिठागरं गच्चीवरून दिसत नाहीत, मधे इमारती आल्या. बाई मुलाकडे पुण्याला गेल्या, अधूनमधून फोनवर विचारतात की मुलं वेळेवर येतात ना. सलीमभाई वारले. बुवाही गेले, गावी, आजारी न पडता. या दिवसांत इमारतीत पेट्या सुरू झाल्या की मला तिघंही एकदम आठवतात. त्यांना एकमेकांचं गाणं पूर्ण पटलं कधीच नाही. तरी पडदा मधे टाकून तिघं त्या गाळ्यात वर्षानुवर्षं बसले आणि आम्हाला तिघांचंही थोडं थोडं मिळालं. प्रमाणपत्र पाहून कुणी मला विचारतं, कुणाकडे शिकलात? एकच नाव सांगायची वेळ आली की माझी पंचाईत होते.

त्या वर्षी निकालानंतर केंद्राला मान्यता मिळाली आणि पहिल्या वर्गाला शिक्षक उरला नाही. बाईंनी मला विचारलं. त्या परीक्षेचं प्रमाणपत्र माझ्याकडे होतं ना. मी सरळ नाही म्हटलं आणि ते बुवांच्या कानावर घालायला पेणकरपाड्याला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने चहा केला. मी रडले, तेही मला करायचं नव्हतं. बुवांनी चहा संपवून कप खाली ठेवला.

"वर्ग रिकामा नाय ठेवायचा, वैनी," ते म्हणाले. "रिकामा ठेवला की पोरं क्रिकेटला जातात. तुमी फळ्यावर लिवा, मी पेटीवर बसतो. मला तसंही ते लिवायला येत नाय."

पुढच्या सोमवारी मी गेले. मुद्दाम पाच मिनिटं उशिरा, मुलं आणि बुवा आधी बसलेले असावेत म्हणून. आत पाऊल टाकलं तशी मुलं सवयीने उभी राहिली, बाईंचा तसा नियम होता. मी त्यांच्याकडे बघून हसले आणि बुवांकडे वळले. पेटीमागे, टोपी घालून, मुलांबरोबर बुवाही उभे होते. मी हाताने खूण केली, मानेने केली. ते हलले नाहीत. समोर बघत, हात जोडून, वर्गातल्या शेवटच्या मुलासारखे उभे राहिले, आणि मी तोंडाने 'बसा' म्हणेपर्यंत बसले नाहीत.